घरी राहून दारू सोडणं : व्हिडिओवरचा डॉक्टर, श्वासाचं यंत्र आणि पहिला आठवडा

प्रश्न असा आहे : धाकटा भाऊ, वय ४१. दहाएक वर्षं पितो, गेली तीन वर्षं रोज. नोकरी अजून टिकून आहे. भरती व्हायला साफ नकार. पण व्हिडिओवर डॉक्टर, आठवड्याला एकदा समुपदेशन आणि दिवसातून काही वेळा श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंकर, एवढ्याला तो तयार आहे. बहीण विचारते : हे खरे उपचार आहेत की भरती टाळायची पळवाट? यंत्राला फसवता येतं का? आणि त्याचे निकाल मला बघायला मिळतील का?

ताई, व्यसनमुक्तीच्या कामात मला वीसहून अधिक वर्षं झाली. अलीकडे माझे बरेचसे रुग्ण मी पडद्यावरच पाहतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न. एखाद्या दिवशी प्यायला मिळाली नाही, तर तुमच्या भावाला काय होतं?

सकाळी हात थरथरतात का? पहिला घोट पोटात गेला की थरथर थांबते का? पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, नसलेली माणसं दिसली होती का, नसलेले आवाज ऐकू आले होते का? याची उत्तरं डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत त्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका, आणि त्याच्याही डोक्यात तसं काही आलं तर थांबवा. ‘दारू पिऊ नकोस’ म्हणायच्या ऐवजी ‘अजून दोन दिवस थांब, मग बंद कर’ असं व्यसनमुक्तीचा डॉक्टर सांगतो, याचं लोकांना नवल वाटतं. पण रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जुळवून घेतलेलं असतं. गुंगी अचानक काढून घेतली की मेंदूची चेतवणारी बाजू मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट यायचीच असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत येते. आणि ज्याला आम्ही डीटी म्हणतो, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, तो साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान उद्भवतो : माणूस भ्रमतो, स्थळकाळाचं भान जातं, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. यात जीव जाऊ शकतो. घरची मंडळी दुसऱ्या दिवशी ‘चला, निभावलं’ म्हणून निर्धास्त होतात, आणि खरी धोक्याची खिडकी तेव्हाच उघडत असते. आणखी एक : वारंवार सोडून वारंवार धरणाऱ्याचा त्रास दर खेपेला वाढत जातो. मागच्या वेळी नुसती थरथर होती म्हणून या वेळीही तेवढीच असेल, असं नाही.

म्हणून घरी की रुग्णालयात, हा निर्णय भावाच्या इच्छेवर सोडायचा नसतो. पूर्वी फिट किंवा डीटी होऊन गेला असेल, यकृताचा किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, दारूसोबत झोपेच्या किंवा शामक गोळ्यांची सवय असेल, आत्महत्येचे विचार असतील, वय बरंच झालेलं असेल, किंवा रात्री घरात दुसरं मोठं माणूसच नसेल, तर पहिला आठवडा रुग्णालयातच. धोका मोजायला आम्ही ‘पॉस’ नावाची मोजपट्टी वापरतो, त्यात ४ किंवा त्याहून जास्त गुण पडले की मी घरी ठेवायचा विचारही करत नाही. पाच-सात दिवस भरती आणि मग घरी येऊन व्हिडिओवर पुढचे उपचार, हाही पर्याय असतो. कित्येकांना ‘भरती’ म्हटलं की महिनोन्‌महिने कोंडून ठेवणं डोळ्यांपुढे येतं. तुमच्या भावाचा नकार नेमका कशाला आहे, ते एकदा शांतपणे विचारून बघा.

निकषांत बसला, तर घरी होऊ शकतं, मात्र ते नीट व्हायला हवं. पहिली भेट मी तरी समोरासमोरच घेतो. पडद्यावर यकृत हाताला लागत नाही, डोळ्यांतला पिवळेपणा खोलीतल्या दिव्यावर अवलंबून राहतो, आणि चालताना तोल जातो का, हे खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघून कळत नाही. रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१ लगेच सुरू. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून खंगलेल्या माणसाला ते सुईनेच द्यावं लागतं. याची हेळसांड झाली तर स्मरणशक्तीचं असं नुकसान होतं की जे पुढे दारू सोडूनही भरून येत नाही.

मग पहिले पाच दिवस रोज व्हिडिओ कॉल, गरज पडली तर दिवसातून दोनदा. विथड्रॉवल, म्हणजे दारू बंद केल्यावर होणारा त्रास, मोजायच्या ‘सीवा’ या मोजपट्टीत १० मुद्दे आहेत : मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थ हालचाली, डोकेदुखी, भान, आणि स्पर्श, आवाज, दृष्टी यांचे भास. यातलं बहुतेक सगळं पडद्यावर विचारता किंवा बघता येतं. दोन्ही हात पुढे, बोटं फाकवून कॅमेऱ्यासमोर धरा, जीभ बाहेर काढा, आज वार कोणता ते सांगा. तळहात ओलसर आहेत का, हे मात्र शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. नाडी आणि रक्तदाब घरच्या यंत्रावर. शामक गोळ्या एका वेळी एक-दोन दिवसांच्याच, आणि त्या घरच्या माणसाच्या ताब्यात. या गोळ्या व्हिडिओवर लिहून देण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या डॉक्टरने आणखी एकदा प्रत्यक्ष बोलावलं तर त्याला कटकट समजू नका.

श्वासाच्या यंत्राचा सगळ्यांत मोलाचा उपयोग मला इथे वाटतो, आणि जाहिरातींत नेमका त्याचाच उल्लेख नसतो. गोळी देण्याआधी फुंकर. दारू आणि शामक गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावतो. यंत्र काही दाखवत असेल तर डॉक्टरशी बोलल्याशिवाय गोळी द्यायची नाही. पण एक बारकावा लक्षात ठेवा. शरीराला फार सवय झालेल्या माणसाला रक्तात दारू शिल्लक असतानाच थरथर सुरू होऊ शकते. यंत्र आकडा दाखवतंय आणि माणूस कापतोय, असं दिसलं तर ‘अजून चढलेली आहे, उतरेल’ म्हणून थांबू नका. अशा माणसाला घरी ठेवायचं नसतं.

आता पळवाटीबद्दल. अमेरिकेत ‘कंबाइन’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात १,३८३ रुग्ण होते. नालट्रेक्सोन हे औषध आणि सोबत वैद्यकीय पाठपुराव्याच्या ९ छोट्या भेटी, एवढ्यानेही चांगला फरक पडला. त्या भेटींत गोळ्या घेतल्या का, त्रास काय झाला, किती प्यालात, पुढे काय करायचं, इतकंच साधं बोलणं असे. हे बोलणं पडद्यावर होत नाही असं म्हणायला काही कारण नाही. उलट अनेक जण प्रतीक्षागृहात कुणी ओळखीचं भेटेल या भीतीने दुसऱ्या भेटीला येतच नाहीत. ते मोबाइलवर येतात. २०१४ साली ‘ए-चेस’ या मोबाइल अ‍ॅपचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवासी उपचार घेऊन घरी गेलेल्या ३४९ जणांपैकी काहींना नेहमीचा पाठपुरावा होता, काहींना त्यासोबत अ‍ॅप. अ‍ॅप असलेल्यांचे जोखमीच्या पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी १.३९ होते, इतरांचे २.७५. चमत्कार नाही, पण निम्म्यावर आले. तेव्हा पडदा म्हणजे पळवाट असं नव्हे. पळवाट तेव्हा होते, जेव्हा यंत्र घरी येतं, आकडे कुठेतरी साठत राहतात आणि ते बघून त्याच दिवशी फोन करणारं माणूस पलीकडे नसतं. अशी सेवा विकणारे आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारा : शनिवारी रात्री दहाला निकाल पॉझिटिव्ह आला, तर कोण फोन करेल आणि किती वेळात? उत्तरात ‘सिस्टिम नोंद घेते’ असं ऐकू आलं तर पैसे वाचवा.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ती डॉक्टर ठरवेल. नालट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. रोज ५० मिलीग्रॅमची गोळी किंवा महिन्याला ३८० मिलीग्रॅमचं इंजेक्शन. अफूजन्य वेदनाशामक घेणाऱ्याला ते चालत नाही आणि यकृताची तपासणी लागते. अकॅम्प्रोसेट दारू बंद झाल्यावर ती बंद राहायला मदत करतं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून ती तपासणी. २०२३ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की ११ जणांना अकॅम्प्रोसेट दिलं तर त्यातला एक जण केवळ त्या औषधामुळे पुन्हा पिण्यापासून वाचतो. बेसुमार पिण्याकडे परतण्याच्या बाबतीत नालट्रेक्सोनचा आकडाही ११ च आहे. ऐकायला कमी वाटतं, पण रक्तदाबाची औषधं देताना आम्ही याहून कमी फायद्यावरही समाधान मानतो. तरीही ही औषधं फारच थोड्या रुग्णांना लिहून दिली जातात, याची मला दर वेळी चीड येते.

तिसरं औषध डायसल्फिराम. त्यावर प्यायलं की चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं. ते घेतल्यावर पुढे दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. पूर्ण माहिती देऊन, माणसाच्या संमतीने, रोज कुणासमोर गिळायला लावून ते काम करतं, आणि ‘कुणासमोर’ म्हणजे व्हिडिओ कॉलसमोरही चालतं. पण त्याला न सांगता अन्नात मिसळायचं, हा उपाय तुम्हाला कुणी सुचवला तर त्या माणसाचं ऐकू नका. न सांगता दिलेल्या डायसल्फिरामवर नेहमीसारखा पिऊन बसलेला रुग्ण मी अतिदक्षता विभागात पाहिला आहे. तो वाचला. बायकोवरचा विश्वास मात्र त्याने पुढे कधी ठेवला नाही.

यंत्राला फसवता येतं का? येतं. पण कसं ते कळलं की रोखणंही सोपं जातं.

श्वासाच्या चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. फुंकरीतलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर जळून सूक्ष्म वीज तयार होते, त्या विजेवरून प्रमाण कळतं. स्वस्तातल्या सेमीकंडक्टरच्या यंत्रांना अ‍ॅसिटोनही चकवतं, त्यामुळे मधुमेह बिघडलेला किंवा उपाशी असलेला माणूस उगाच गुन्हेगार ठरतो. दूरस्थ उपचारांसाठीचं यंत्र फुंकर मारतानाच चेहऱ्याचा फोटो घेतं आणि वेळेसह पाठवतं, म्हणजे दुसऱ्याला फुंकायला लावायची सोय राहत नाही. माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतल्यावर तोंडात उरलेलं अल्कोहोल १५ मिनिटांत जातं, म्हणून पॉझिटिव्ह आलं की पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं, मगच बोलायचं.

खरी पळवाट वेळेत असते. एक रुग्ण, तपशील बदलून सांगतो. सकाळी आठ आणि रात्री दहा अशा त्याच्या दोन तपासण्या ठरल्या होत्या. सात आठवडे शून्य, एकही चुकली नाही. मी खूश, तो खूश. पण बायको म्हणे, सकाळी खोलीत वास येतो. हिशोब मीच आधी करायला हवा होता. रक्तातली दारू ताशी सरासरी १५ मिलीग्रॅम दर १०० मिलीलिटरमागे उतरते, सराईत पिणाऱ्याची त्याहून वेगाने. रात्री दहाची फुंकर मारून सव्वादहाला बाटली उघडली, तर सकाळी आठपर्यंत दीडशेपर्यंतची पातळी शून्यावर येते. आम्ही त्याला रोज रात्री दहा तासांची मोकळीक दिली होती. चूक माझी होती, त्याने फक्त वेळापत्रक वाचलं होतं. तेव्हापासून मी दिवसाला तीन-चार तपासण्या ठेवतो, त्यांतली एक झोपण्याआधी आणि एक उठल्या उठल्या, आणि मधली एक न सांगितलेल्या वेळी.

शिवाय श्वासाच्या जोडीला रक्तातली पेथ तपासणी. पेथ हा पदार्थ शरीरात दारू असली तरच तयार होतो, तांबड्या पेशींच्या आवरणात राहतो आणि मागच्या दोन ते चार आठवड्यांचं पिणं सांगतो. बोटाला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेऊन घरूनही पाठवता येतो. २०० नॅनोग्रॅमच्या वर आकडा म्हणजे भरपूर पिणं. २० च्या खाली म्हणजे बंद किंवा अगदी थोडं. महिन्याला एकदा ही तपासणी ठरलेली असली की रोजच्या फुंकरीत लबाडी करण्यात अर्थ उरत नाही. लघवीतली ईटीजी तपासणी याच्याहून कमी काळ मागे बघते, सुमारे तीन ते पाच दिवस, पण ती फार नाजूक आहे. दिवसभर हातांना सॅनिटायझर चोळणाऱ्या एका स्त्री रुग्णाची ईटीजी किंचित पॉझिटिव्ह आली होती. घरात मोठं रणकंदन झालं. पेथ केली, ती स्वच्छ. एका संवेदनशील चाचणीच्या कडेवरच्या निकालावर माणसाला खोटारडा ठरवू नये, हे मला तिथे शिकायला मिळालं, तेही तिच्या खर्चाने.

घोट्याला बांधायचे पट्टेही असतात. प्यायलेल्या दारूपैकी साधारण एक टक्का त्वचेवाटे बाहेर पडते, ती हे पट्टे दर अर्ध्या तासाने मोजतात. पट्ट्याला रात्रीची मोकळीक देता येत नाही, पण नोंद एक ते तीन तास उशिरा येते आणि तो घालून वावरणाऱ्याला आपण कैदी आहोत असं वाटतं. न्यायालयांच्या कामासाठी तो ठीक आहे. स्वतःहून उपचाराला आलेल्या माणसाला मी तो सहसा सुचवत नाही.

निकाल पॉझिटिव्ह आला तर काय करायचं, यावरच यंत्र मदत करणार की नुकसान, हे ठरतं. आमच्याकडे दोन तासांत फोन जातो. फोनवर तीनच गोष्टी विचारतो : किती, केव्हा, आणि आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना, गाडी वगैरे चालवणार नाही ना. रागावणं नाही, निराश झालो वगैरे बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीत असताना, पहिल्या घोटाच्या आधीचा एक तास आम्ही सोबत बसून मिनिटामिनिटाने मागे जाऊन तपासतो. एकदा घसरलेला माणूस ‘आता गेलंच सगळं, मग प्यायलो तर काय बिघडलं’ म्हणून पुढचे चार दिवस पितो. स्लिपचा, म्हणजे एका घसरणीचा, रिलॅप्स, म्हणजे पुन्हा व्यसन, होतो तो या विचाराने. तो विचार त्याच संध्याकाळी पकडता आला तर चार दिवस वाचतात, आणि तो पकडता यावा म्हणूनच हा यंत्राचा सगळा खटाटोप.

चुकलेली तपासणी ही मी प्यायल्याची नोंद धरत नाही आणि दुर्लक्षही करत नाही. फोन करतो. महिन्याभराच्या चुकलेल्या वेळा मात्र समोर मांडून बघतो. एकाच्या चुकलेल्या सगळ्या तपासण्या गुरुवारी संध्याकाळी निघाल्या. त्या दिवशी साहेबांसोबतची बैठक असायची. त्याची गोळी सकाळऐवजी दुपारी द्यायला लागलो आणि समुपदेशनाची वेळ गुरुवारी सातला नेली. समोरासमोरच्या बाह्यरुग्ण विभागात हे मला कधीच कळलं नसतं. तिथे रुग्ण पंधरा दिवसांनी येतो आणि ‘ठीक चाललंय’ म्हणतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. निकाल तुम्हाला बघायला मिळतील का, हे भाऊ ठरवेल. प्रत्येक फुंकरीची सूचना तुमच्या मोबाइलवर यावी, अशी व्यवस्था करू नका. मी ती करून पाहिली आहे. बहीण दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसते, नेटवर्क गेलं तरी तिचा जीव टांगणीला, आणि भावाला उपचार म्हणजे तिची पाळत वाटू लागते. सुरुवातीलाच तिघांनी बसून लिहून ठेवा : रोजचे आकडे फक्त उपचार करणाऱ्यांकडे, आठवड्याचा सारांश भाऊ स्वतः तुम्हाला दाखवेल, लागोपाठ दोन तपासण्या चुकल्या आणि फोन लागला नाही, तर डॉक्टर तुम्हाला फोन करतील, पॉझिटिव्ह आलं तर त्या रात्री तुम्ही वाद घालणार नाही. हे शेवटचं कलम सगळ्यांत अवघड असतं, तुमच्यासाठी.

त्याच्या माहितीचं काय होतं, हेही विचारा. २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मॉन्युमेंट या ऑनलाइन दारूमुक्ती कंपनीवर कारवाई केली, कारण तिने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांपर्यंत पोहोचवली होती. नोकरी टिकून असलेल्या माणसाला याची भीती वाटणं साहजिक आहे. आकडे कुठे साठतात, किती काळ, मालकाला किंवा विमा कंपनीला मागता येतात का, हे लेखी घ्या.

मुदतीचं म्हणाल तर पहिले तीन महिने दाट, आठवड्याला कॉल आणि रोजच्या फुंकरी. मग हळूहळू विरळ. औषध किमान सहा महिने, बहुधा वर्षभर. झोप सुधारायला कधी कधी काही महिने लागतात आणि त्या काळात चिडचिड असते. ती पिण्याची खूण समजू नका, फुंकर मारायला सांगून त्याची परीक्षाही घेऊ नका.

पहिल्या भेटीला जाताना सोबत न्यायला एक कागद करा : दिवसाला किती आणि कोणती दारू, पहिला घोट किती वाजता, मागे कधी बंद केली तेव्हा काय झालं, सध्याची सगळी औषधं, रात्री घरात कोण असतं. आणि कागदाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत जवळच्या आपत्कालीन विभागाचा नंबर. फिट, भास, भान हरपणं, ताप किंवा न थांबणाऱ्या उलट्या, यातलं काहीही दिसलं तर व्हिडिओ कॉल लावत बसायचं नाही. थेट तिकडे.